कडू झाडाचं नाव

११ फेब्रुवारी

आजपण भाजीत मीठ नाही. उडदाची डाळ घोटून घोटून रंजिताचे हात दुखले म्हणे, पण मिठाच्या बरणीकडे हात जात नाही. मी वरून टाकलं तर दोधू म्हणतो, "माय, तिसरांदाव टाकी ऱ्हायनी तू." टाकलं तर टाकलं. माझ्या ताटात टाकलं, तुझ्या शेतात नाही टाकलं.

ही डायरी खतवाल्याने दोधूला फुकट दिली. वर पपईचं चित्र आहे. दोधू लिहीत नाही, त्याच्या बायकोला, रंजिताला, वेळ नाही, म्हणून माझ्याकडे आली. शहाद्याचा डॉक्टर म्हणाला, झोप येत नाही तर रोज काहीतरी लिहा. मी गोळी मागितली होती. माझी शाळा चौथीपर्यंत. लिहायला बसलं की हात शाळेची भाषा धरतो, तोंड उघडलं की आपली येते. दोन्ही माझ्याच आहेत.

तर लिहिते. माझा धाकटा, नवनीत, जानेवारीत वारला. टांझानिया देशात ठिबकच्या नळ्या टाकायच्या कामावर होता. गाडी उलटली. तिकडेच जाळला. त्याची बायको तिकडचीच, कोर्टात लग्न केलेली. ती अस्थी घेऊन आली. दोधू सुरतेला जाऊन तिला घेऊन आला. प्रकाशा गावाला तापीत अस्थी सोडल्या. पाणी गार होतं. मी रडले नाही. बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या, तमाशाला येऊन बसल्यासारख्या, आणि तमाशा काही सुरू होईना.

ती आली त्या दिवसाचं राहिलंच. दारात उभी राहिली, चपला काढल्या, ओढणी डोक्यावर घेतली आणि म्हणाली, "माय, मी उनू."

सगळं अंगण हसलं. बाईने "उनी" म्हणायचं असतं. "उनू", म्हणजे "आलो", पुरुष म्हणतो. नवऱ्याच्या तोंडून शिकली तर पुरुषाचंच शिकली. नवनीत कुठूनही आला, शाळेतून येवो की सुरतेहून, ओट्याच्या खालूनच तसं ओरडायचा.

मग माझे दोन्ही हात धरून तिच्या भाषेत काहीतरी पुटपुटली. मी म्हटलं, "चपला आत ठेव. कुत्रं लई जाई."

१४ फेब्रुवारी

तिला हाक कशी मारायची हा घोळ आहे.

माझ्या सासऱ्याचं नाव मी या घरात आल्यापासून घेतलेलं नाही. अंगणातलं झाड त्याच नावाचं, म्हणून मी त्याला कडू झाड म्हणते. बाजारात चटणीवर पिळायचं पिवळं फळ घ्यायचं तर "आंबट दे" म्हणते. तळोद्याचा भाजीवाला बरोबर देतो. आणि हिचं नाव काय, तर सासऱ्याचंच. शेवटचा 'बा' काढायचा, 'मा' लावायचा. गल्लीतल्या पोरांना तेवढंही जमत नाही. ती सरळ सासऱ्याचं नाव घेऊन पुढे काकी लावतात आणि हिच्या मागे फिरतात. मी कानावर पदर घेते.

नवनीतला ठाऊक होतं. लग्नाचा फोन केला तेव्हा आधी हसतच होता. "माय, अशी सून करी शे का तुले तिले हाकच मारता येवाव नही."

मी म्हटलं, "चांगलं करं. भांडण तरी व्हवाव नही."

तोंडाने घ्यायचं नाही एवढंच ठरलेलं आहे. लिहायचं नाही असं कोणी सांगितलेलं नाही. तरी हात होत नाही. म्हणून मी नुसतं "ती" लिहिते. समोर असली की "ऐक" म्हणते, लांब असली की भांडं वाजवते.

गळ्यात बारीक क्रूस आहे तिच्या. रंजिता म्हणाली, हिला पाण्याच्या माठाला हात लावू द्यायचा का? दवाखान्यातली प्रिस्किला नर्स नवापूरकडची, तिच्या गळ्यातपण आहे. तिची सुई चालते तर हिचं पाणी चालेल. एवढ्यावर मिटलं.

१९ फेब्रुवारी

ती मला पोकळ म्हणते.

आधी वाटलं, ऐकण्यात चूक. पण दिवसातून चार वेळा तेच. पोले. कधी "पोले साना". पोला म्हणजे काय ते मला कोणी शिकवायला नको. सोनाराकडे पोला मणी मिळतो, वरून सोनं, आत हवा. सान म्हणजे लहान. दारात माझे हात धरून पुटपुटली होती ती हेच. तेव्हा लक्षात आलं नाही.

खोटं नाही म्हणा. पण घरात आल्या आल्या तोंडावर सांगायचं?

मलाच म्हणते असं नाही. रंजिता डोक्यावरून कळशी उतरवत होती, तर धावत जाऊन हात लावला आणि पोले. गायीचा पाय दाव्यात अडकला, तर गायीला पोले. लाइट गेली, पोले. दोधू शेतातून येऊन ओट्यावर बसला, त्याच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला आणि अगदी हळू, पोले.

दोधूला म्हणाली ते मात्र बरोबर. तो खरंच तसा झालाय सध्या. विचारलं तर हूं म्हणतो, नाही विचारलं तरी हूं म्हणतो.

२ मार्च

रंजिताने तोड काढली. "आत्या, आपुन तिले नवं नाव ठेवी देऊत. लगीनमा ठेवतसच ना."

बरोबर आहे. माझंपण ठेवलं होतं. सिंधू हे या घरचं नाव. माहेरचं दुसरं होतं, त्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलेलं नाही, म्हणून लिहीत नाही. हिचं नयना ठेवलं. ताटात तांदूळ घेऊन त्यावर बोटाने रंजितानेच लिहिलं. तिने वाचायचा प्रयत्न केला, हसली, तांदूळ निवडायला घेतले.

मग मी ओट्यावरून हाक मारली, "नयना!" पाटा-वरवंट्यावर चटणी वाटत होती, वाटत राहिली. परत मारली. शेजारची कुत्री उठली, ही नाही उठली. शेवटी भांडं वाजवलं तेव्हा आली. रंजिताने सांगितलं, नयना म्हणजे तू. तर छातीवर हात ठेवून स्वतःचं नाव सांगितलं. लहान पोराला सांगावं तसं, हळूहळू. मी कानावर पदर घेतला तर तिला वाटलं मला ऐकू आलं नाही. आणखी मोठ्याने सांगितलं.

हट्टी आहे. मी तर एका दिवसात नव्या नावाला ओ द्यायला लागले होते.

रंजिता म्हणाली, "तुमी पंधरा वरीसन्या व्हत्यात, आत्या. तुमले कोन इचारी ऱ्हायनं व्हतं?"

आजकाल तिचीपण जीभ लांब झालीय. माझ्याजवळ राहून झाली असेल.

४ मार्च

दुसऱ्या दुकानातून मीठ आणवलं. तेच. मिरचीतपण काही दम नाही. नंदुरबारची मिरची म्हणून विकतात आणि खाल्ली तर लाकडाचा भुसा.

१७ मार्च

पपईच्या तोडणीला मोलगीकडची रेवाबाई येते. तिची आणि हिची गट्टी जमली. भाषा एकीची एकीला येत नाही. रेवाबाई घरी पावरी बोलते, आमच्याशी आमच्यासारखं बोलते, हिच्याशी दोन्ही बोलते. ही तिच्या देशाचं बोलते. तासभर बोलतात. मी विचारलं, काय बोलत होत्या? रेवाबाई म्हणाली, "तिन्ही सासूनं." म्हणजे माझं.

"मंग तू काय सांगं?"

"मी मन्ही सासूनं सांगं."

काल हिने बांधावरून भोपळ्याचा कोवळा पाला खुडून आणला आणि शेंगदाण्याचा कूट लावून शिजवला. भोपळा सोडून पाला खाणारं माणूस पहिल्यांदा बघितलं. रेवाबाईने दोनदा घेतला, दोधूने भाकरीबरोबर खाल्ला. मी खाल्ला. मीठ नव्हतं.

आज मोरीच्या सांडपाण्यावर ती भोपळ्याच्या बिया टोकत बसली होती. मी म्हटलं, वेल मांडवावर चढेपर्यंत पावसाळा येईल, तोवर तू असशील का इथे? तिला कळलं नाही. बोटाने माती दाबत होती.

तिचं पुरुषी बोलणं ऐकायला आता बायका मुद्दाम येतात. "जेवनी का व?" विचारतात. ती "मी जेवनू" म्हणते आणि ह्या पदर तोंडात धरून हसतात. दुपारी म्हटलं, बस झालं, शिकवते हिला. समोर बसवलं. म्हटलं, दारातून येतेस तेव्हा काय म्हणतेस ते म्हण.

"माय, मी उनू."

'उनी' म्हण, असं सांगायला तोंड उघडलं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हटलं, "बराबर शे. जाय."

का म्हटलं ते माहीत नाही. शिकवून तरी काय करायचं, जायचीच आहे.

५ एप्रिल

पोलीस पाटील करणसिंग आला होता. आमच्या बुढ्याचा, दोधूच्या वारलेल्या बापाचा, दोस्त, मला वैनी म्हणतो आणि चहात साखर कमी असली तर सांगतो. आज सांगितलं नाही, त्यावरूनच कळलं की काम मोठं आहे.

दोधूला म्हणाला, गावात लोक बोलतात. शेतात वाटा मागायला आली म्हणतात. मग माझ्याकडे वळला. "वैनी, परदेशनी पोर. धनी गया, पोरसोर नही. तिले आठे करमाव नही. आखाजीले बठ्या आंडेरी माहेर जातीस, तिलेबी धाडी द्या. मंग परत उनी त उनी."

"आनि नही उनी त?"

"त नही उनी," असं म्हणून बशी खाली ठेवली. "नंदुरबारले कचेरीमा सांगनं पडी, ऱ्हाई का जाई. मी आखाजीले येसु. घरमा मोठ्या तुमी. तुमीच सांगा."

चांगली युक्ती आहे. घालवायचं म्हटलं तर पाप, माहेरी पाठवायचं म्हटलं तर पुण्य. आखाजीला, शाळेतल्या अक्षय्य तृतीयेला, सगळ्या लेकी माहेरी जातात; हीपण झोके घेईल, आमरस खाईल. तिच्या देशात आखाजी आहे का ते करणसिंगलाही ठाऊक नाही आणि मलाही नाही.

दोधू म्हणाला, "माय, तू सांगशी तसं."

ती दारातून सगळं ऐकत होती. किती कळलं कोणास ठाऊक. करणसिंग उठला तेव्हा त्याच्या गुडघ्यात कळ आली, भिंत धरून उभा राहिला. तर त्यालापण पोले.

मला विचाराल तर मला काही वाटत नाही. राहिली तरी, गेली तरी. करणसिंगला तेच सांगणार होते, पण तेवढ्यात तो गेला.

१३ एप्रिल

रेवाबाईने मक्याचं पांढरं पीठ आणून दिलं, तर आज तिने तिच्या देशाचं जेवण केलं. पातेल्यात पाणी उकळायचं, पीठ टाकायचं आणि लाकडी डावाने हाणत राहायचं, डाव उभा राहीपर्यंत. आपण घाटा करतो तसंच, पण घट्ट. भाकरीही नाही, भातही नाही. नवनीतला आवडायचं, असं तिने हातवाऱ्याने सांगितलं. तिने त्याच्या मिशा दाखवल्या, पोट दाखवलं.

ती पाट घ्यायला वळली तेवढ्यात मी शिजलं का बघायला पातेल्यात बोटं घातली. चुलीवर आयुष्य गेलं, बोटांना काही होत नाही. पण हे चिकटणारं आहे. चिकटलं ते सुटेना.

"हाय हाय, पोयनं व!" मी ओरडले.

ती डाव टाकून आली. माझा हात ओढून माठातच घातला, वरून फुंकर. "पोले, माय. पोले, पोले साना."

मी म्हटलं, "हां. पोले."

मग तशीच बसले, हात माठात. आपण पोयनं म्हणतो, शाळेत पोळलं म्हणतात, तिच्याकडे पोले म्हणतात. म्हणजे पोकळ नाही. रंजिताच्या डोक्यावर कळशीचं ओझं, तेव्हा पोळलं. गायीचा पाय, पोळलं. करणसिंगचा गुडघा. दोधू शेतातून येऊन बसला, तेव्हा हळू. आणि पहिल्या दिवशी दारात, माझे दोन्ही हात धरून.

पोळलं का, माय? असं विचारत होती ती.

गावातून एवढ्या बाया आल्या. गाडी कशी उलटली, कुठे लागलं, तोंड बघायला मिळालं का, कंपनीवाले काय म्हणाले, सगळं विचारून गेल्या. माझ्या हातचा चहा पिऊन गेल्या. पोळलं का, असं एकीनेपण विचारलं नाही.

बोटाला फोड आलाय. लिहिताना दुखतो. चांगला दुखतो.

१४ एप्रिल

आज भाजी खारट. तोंडात घेतली आणि थुंकली. दोधूला विचारलं, तू कशी खातोस ही? तर म्हणे, "माय, दोन महिनापाईन आशीच खाई ऱ्हायनूत आम्ही. तुन्हासाठे टाकस ती."

रंजिताला म्हटलं, अक्कल आहे का? मीठ किती महाग झालंय.

ती खाली बघून भाकरी थापत राहिली. हसत होती बहुतेक.

१९ एप्रिल, आखाजी

हाताला मेंदी लावायला आज कोणी आलं नाही, दुखवट्याचं घर म्हणून. बरं झालं, कामाला हात मोकळे. रंजितानेपण माहेरचा निरोप परत पाठवला. म्हणाली, "औंदा नही जात."

सकाळी देवाजवळ नवी घागर मांडली. घरात वर्षात कोणी गेलं असेल तर आखाजीला त्याच्या नावाची घागर भरतात. पाणी भरून वर डांगर, म्हणजे खरबूज ठेवतात, गोड वासाचं पिकलेलं. आमरस, सांजोऱ्या, पुरण सगळं केलं. ती आंबे पिळायला बसली होती, कोपरापर्यंत पिवळी. मीठ कमी की जास्त ते आज मी चाखून बघितलं. सगळं बरोबर होतं.

करणसिंग वेळेवर आला, जेवायची वेळ तो चुकवत नाही. दोधू निखाऱ्यावर तूप सोडायला बसला. पितरांना घास द्यायचा, तेव्हा एकेकाचं नाव घेऊन बोलवावं लागतं. आमच्या घरी हळू नाही बोलावत. शेताच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या माणसाला बोलावतात तसं बोलावतात. बायका ही नावं घेत नाहीत, म्हणून मी मागे बसून पदर सावरला.

पहिलं नाव माझ्या सासऱ्याचं. दोधूने छाती भरून हाक मारली.

आतून ओ आली. "उनू, माय!"

आणि ती आली. दोन्ही हात आमरसाचे, ओढणी दाताने धरलेली, आणि हाक कोणी मारली ते बघायला सगळ्यांच्या तोंडाकडे बघते आहे.

रंजिताच्या हातातलं ताट कलंडलं. करणसिंग म्हणाला, "आरारारा! पितरन्या हाकले बाईनी ओ दिधी!"

दोधूचं तोंड उघडं ते उघडंच. त्याला अजून बापाचं नाव घ्यायचं होतं, आणि मग नवनीतचं.

मला हसू आलं. आधी पोटात आलं, मी दाबलं, मग नाकात आलं. सासऱ्याला आयुष्यात कोणी इतक्या लवकर ओ दिली नव्हती. तो असता तर काठी टाकून पळाला असता. हसता हसता मी पुढे वाकले ते वर येता येईना. ती खाली बसली, आमरसाच्या हातांनी माझी पाठ धरली आणि तिचा तो शब्द म्हणत राहिली. करणसिंग बाहेर सांगत सुटलाय की सिंधुबाई शेवटी रडल्या. मी हसत होते. मध्येच कुठे काय झालं ते मला सांगता येणार नाही. नवं पातळ आमरसाने बरबाद झालं एवढं खरं.

मग दोधूने राहिलेली दोन नावं घेतली. नवनीतचं घेतलं तेव्हा आवाज फाटला, पण घेतलं. ओ आली नाही.

जेवणं झाली. करणसिंगने हात धुतले, मिशी पुसली आणि विषय काढला. "वैनी, सकायले मी नंदुरबार जासु. काय सांगू? जाई का ऱ्हाई?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. दोधूपण.

"माले काबर इचारतस? जायनं का ऱ्हायनं, ते माले शे का?"

"तुमी घरमा मोठ्या."

"मोठी शे म्हनीसनच सांगस, जिनं तिले इचार."

"मंग बलावा ना तिले."

भांडं जवळच होतं. वाजवलं असतं तर आली असती. मी नाही वाजवलं. सासरा वर डांगराजवळ बसून ऐकत असेल तर ऐकू दे, त्याला आज ओ मिळालेली आहे. मी बसल्या जागेवरून हाक मारली.

"नीमा!"

आवाज असा निघाला जशी कोणी दुसरीच ओरडली. रंजिताने कानावर पदर घेतला, मग काढला.

"उनू, माय!"

आली. हात धुतलेले होते. मी म्हटलं, "हाऊ काय इचारी ऱ्हायना, त्याले सांग."

तिला कळलं होतं. पाच तारखेपासूनच कळलेलं होतं, मला वाटतं. करणसिंगसमोर खाली बसली आणि तिच्या मोडक्या बोलीत, सगळं पुरुषासारखंच, पण सावकाश, त्याला सांगितलं. एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. करणसिंगने दोनदा मान हलवली, काठी घेतली आणि गेला. चहाचं विसरला.

काय सांगितलं ते मी इथे लिहिणार नाही. ते माझं नाही. मोरीजवळच्या भोपळ्याला चार पानं आलीत, एवढंच लिहिते.

आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवलंय तेही लिहून ठेवते. यापुढे दारात कोणीही येवो, करणसिंग येवो की कचेरीचा साहेब, तिचं काही विचारायचं असेल तर नाव घेऊन हाक मारायची. नयना नाही, भांडं नाही. दोधूने मध्ये बोलायचं नाही, रंजिताने नाही, मी तर नाहीच नाही. ओ नीमानेच द्यायची.